गाडी उभी आहे

आई, आपली गाडी दारात उभी आहे. खडी नाही, उभी. हा शब्द लिहिताना अजूनही तुझं पिठाचं बोट दिसतं. शाळेत सगळं हिंदीत, म्हणून तू मला घरी रोज चार ओळी मराठीत लिहायला लावायचीस, आणि मी लिहिलं होतं, ‘आमची गाडी दारात खडी आहे.’ पोळी लाटता लाटता तू वाकून वाचलंस आणि त्या शब्दावर बोट टेकवलंस. ‘खडी रस्त्यावर टाकतात, राजा. गाडी उभी असते.’ बाबा बाहेरून म्हणाले, ‘समजलं ना सगळ्यांना, चलो, झालं.’ तू म्हणालीस, ‘समजलं म्हणजे बरोबर झालं का?’ तू गेलीस त्या वर्षी दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण चुकीचा शब्द लिहिला की अस्वस्थ व्हायची सवय काही सुटली नाही.

बाहेरून आपली गाडी तिच्या कंपनीच्या साध्या छोट्या गाड्यांसारखीच दिसते. इंजिन मात्र सोळाशे सीसीचं. कंपनीनं अशा थोड्याच काढल्या, आणि पेट्रोल फार पितात म्हणून लोकांनी त्याही विकून टाकल्या. तू विकली नाहीस. अजून डोळ्यांपुढे आहे: रविवारी तुझ्या फॅक्टरीच्या ऑफिसला सुट्टी, आपण कुंडमच्या रस्त्याला लागतो. वळण येतं, तू तिसऱ्यातून दुसऱ्यात येतेस, इंजिन गुरगुरतं, मागच्या सीटवर बाबा डोळे गच्च मिटून घेतात. ‘अगं, आग कुठं लागली आहे?’ ‘इंजिनात,’ तू म्हणतेस, आणि वळण संपायच्या आत पुन्हा तिसरा टाकतेस.

आता देशभरात अशा गाड्या किती उरल्या हे शोधणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुणी इंदूरचा, कुणी कोल्हापूरचा. कुठं एखादी दिसली की फोटो येतो, मी चॅसी नंबर मागतो, तोच नंबर आधी आला होता का ते तपासतो, आणि प्रत्येक गाडीपुढे एक शब्द लिहितो: चालू, उभी किंवा गेली. ‘मास्टरजी आ गए,’ असं म्हणून लोक हसतात. कुणी उभ्या गाडीचे पार्ट काढले तर त्याच्याशी सगळ्यात जास्त मीच भांडतो. उभी गाडी उद्या चालू होऊ शकते. खोललेली होत नाही.

यंदा आपल्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. साध्या मॉडेलचा हिला बसत नाही, आणि हिचा आता कुठं मिळत नाही. बाबा चहा पीत होते. बशीत बघत म्हणाले, ‘तुझ्या आईच्या तिथीला तिच्याच गाडीतून नदीवर, ग्वारीघाटला नेशील का रे? या वेळी डोळे उघडे ठेवीन.’ गुडघ्यांमुळे ते आता फाटकाच्या बाहेरही क्वचितच जातात. मी हो म्हटलं.

मग पाटनमधल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे अशी गाडी असल्याचं कळलं. गाडीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. गोदामात पोत्यांच्या मागे ती होती, रंगही आपलाच, चारही टायर हवा जाऊन बसलेले. व्यापारी म्हणाला, ‘खराब नहीं है भैया, बस खड़ी है। बेटा चलाता था, अब वो बाहर रहता है।’ मला तुझी आठवण येऊन हसू आलं. मिस्त्री म्हणाला, ‘दो खड़ी रखने से अच्छा है, एक चले।’ व्यापाऱ्याची काहीच हरकत नव्हती, त्याला जागा रिकामी हवी होती. मी तिच्याभोवती फिरत राहिलो. बॉनेट उघडलं. आतला एक नटही कुणी बदललेला नव्हता. मी मिस्त्रीला विचारलं, ‘पहले बैटरी लगाकर देख लें?’ तो पाना पुसत होता. म्हणाला, ‘भैया, चालू हो गई तो आप खोलने दोगे?’

मी बॅटरी लावली नाही.

आज तुझी तिथी आहे. दुसरा गिअर अगदी तुझ्या वेळेसारखा बसतो. काल रिकाम्या रस्त्यावर मी तो उगाचच तीन-चारदा टाकून बघितला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आहे आणि ते आधीच गाडीत जाऊन बसले आहेत, या वेळी पुढच्या सीटवर. तिथूनच ओरडून राहिले, ‘काहून रे, काय लिहून राहिला इतकं? पेपर द्यायचा आहे का?’

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणूनच यात लिहितो. पाटनची गाडी सापडल्याचं मी ग्रुपला कळवलं. ती आता विटांवर आहे, बॉनेट उघडं, खाली तेलाचा डाग. तिच्यापुढे मी ‘उभी’ लिहिलं आहे. शुद्धलेखनाची चूक नाही त्यात. तिथं बोट टेकवायला तू नाहीस, आणि मी तो शब्द अजून खोडलेला नाही.