चाल मागे घ्यायचं बटण

शनिवार, संध्याकाळ

माझी विद्यार्थिनी समीक्षा आज आमच्या इकडच्या गोरेगावला स्पर्धेत हरली, तरी माझी छाती फुगलेलीच आहे. दवनीवाड्याच्या वाचनालयात मी मुलांना संगणकावर बुद्धिबळ शिकवतो. त्यात चाल मागे घ्यायचं बटण आहे. ही पोरगी ते सारखं दाबते. किती रागावलो असेन!

आज खऱ्या पटावर घाईत तिने वजिराला हात लावला. शिवलेली सोंगटी चालावीच लागते. कोणी पाहिलं नव्हतं. तिने आपणहून पंचांना सांगितलं, वजीर चालवला आणि गमावला. डाव गेला.

"काऊन सांगतलंस वं?" मी तिला कारण विचारलं.

"हात लावली न जी सर. इथं बटन कुठं आहे?"

हे मी शिकवलं? बहुतेक नाही. संगणकातलं ते बटण काढून टाकणार होतो. राहू दे.