एकसष्ट नंबरचं उत्तर

१२ जून, गुरुवार

टर्मचं शेवटचं लेक्चर. दीडशेपैकी त्रेसष्ट डोकी हजर, त्यातली निम्मी मोबाईलमध्ये. फळा भरून क्रेब्ज सायकल काढली. मागच्या बाकावरून आवाज – "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" बावीस वर्षं हाच प्रश्न. तुम्ही खाता त्या घासाचं शरीरात काय होतं ते सांगतेय, बाळांनो. पण नाही, परीक्षेला येतं का!

वर्षभराने हीच मंडळी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून जिन्यात भेटतील आणि ओळखही दाखवणार नाहीत. सर्जरीचे सर तर तोंडावरच म्हणतात, "तुमचं बायोकेमिस्ट्रीचं बरं आहे हो, साखर आणि लघवी." वर मलाच हसावं लागतं.

१३ जून, शुक्रवार

जर्नलं तपासली. अठ्ठेचाळीस जर्नलांत एकच चूक, एकाच ओळीत. नक्कल करायलाही अक्कल लागते.

१६ जून, सोमवार

प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक अकराला उगवले, चहा घेतला, खुर्चीत विसावले. "तुम्ही चालवा मॅडम, मी आहेच." होते खरे. डोळे मिटून होते.

काम साधं. प्रत्येकाला एकाच बाटलीतलं अज्ञात द्रावण द्यायचं, त्यात ग्लुकोज किती ते कलरीमीटरवर मोजून काढायचं – रंग जितका गडद, तितकी साखर जास्त. उत्तर १८०. एकशेअठ्ठ्याहत्तर, एकशेब्याऐंशी, एकशेऐंशी – सगळ्यांचं कसं छान जमलं. आणि रोल नंबर एकसष्ट? ब्याण्णव!

ही एकसष्ट नंबर म्हणजे पहिल्या बाकावरची, ढिम्म बसणारी. वर्षभरात तोंडातून शब्द नाही. मी तिचा पेपर वर धरला. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, मधुमेहाच्या पेशंटला ठणठणीत म्हणून घरी पाठवलंत. वाटेतच आडवा होईल तो." सगळी लॅब हसली. परीक्षकही जागे होऊन हसले.

ती म्हणाली, "मॅडम, मी तीनदा केलं. तेवढंच येतंय."

"मग चौथ्यांदा नापास होऊन कर."

शून्य दिलं. म्हणजे प्रॅक्टिकलमध्ये गेली, म्हणजे सहा महिने गेले. त्याला मी काय करू.

जेवताना ह्यांना किस्सा सांगितला. हसले नाहीत. भाजी वाढून घेत म्हणाले, "मग तू मोजून दाखवायचंस ना तिला." ह्यांना काय कळतंय त्यातलं.

१७ जून, मंगळवार

सकाळीच एकसष्ट नंबर केबिनच्या दारात. डोळे सुजलेले, पण रडली नाही. म्हणाली, "मॅडम, बाटली फ्रीजमध्ये आहे. तुम्ही एकदा मोजा. तुमचं १८० आलं तर मी परत येणार नाही."

उद्धटपणा! बरं म्हटलं, मोजते. हिची एकदाची जिरू दे.

पिपेट हातात घ्यायला किती वर्षं झाली आठवेना. पहिले दोन थेंब टेबलावरच गेले. नळ्यांना गुलाबी रंग चढला, फिकट. रीडिंग घेतलं. गणित केलं.

एक्क्याण्णव.

परत केलं. त्र्याण्णव.

मामांना हाक मारली. लॅबचे मामा, द्रावणं तेच बनवतात, माझ्याही आधीपासून इथे आहेत. ते शांतपणे म्हणाले, "ग्लुकोज निम्मंच शिल्लक होतं, मॅडम. बाटली पुरायला हवी, म्हणून पाणी घातलं. तुम्हाला विचारायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, बघा तुमचं तुम्ही."

म्हणाले होते मी. फोनवर होते तेव्हा.

"पण मग बाकीच्यांचं १८० कसं आलं?"

मामा जरा अवघडले. "सहा वर्षं तुम्ही १८०च देताय की. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना सांगून जातात. कुणी मोजत नाही."

म्हणजे आकडा आधी, मोजणी मागाहून. एकूणएक सगळ्यांची. उत्तराचा कागद मीही मोजून कुठे लिहिला होता? मोजलं फक्त एकीने, आणि तिची मी टिंगल केली.

१८ जून, बुधवार

हेडकडे गेले. त्यांनी ऐकलं, पंखा वाढवला. "मॅडम, मार्क विद्यापीठाला गेलेत. आता एकीला पास करायचं तर बाकीच्यांना काय करणार? नापास? मुलगी हुशार आहे, डिसेंबरला काढेल."

हा माणूस आमचा विभाग चालवतो. खुर्ची ऊबदार राहिली की झालं.

१९ जून, गुरुवार

विद्यापीठाला पत्र लिहिलं. चार वेळा खोडून. "परीक्षेचा नमुना विभागात पातळ झाल्याचे पुनर्मोजणीत आढळले. विद्यार्थिनीचे उत्तर अचूक आहे." सभ्य भाषा, कुणाचं नाव नाही. स्वतः जाऊन रजिस्टर पोस्टाने टाकलं. फार वर्षांनी हलकं वाटलं.

एकसष्ट नंबरला बोलावून सांगितलं. वाटलं, रडेल, पाया पडेल. ती नुसती "बरं मॅडम" म्हणाली. दारात थांबून म्हणाली, "तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होतात."

मी म्हटलं, "हो."

ती गेली.

वर्गासमोर बोलायला हवं. पण सुट्टी लागली. पुढच्या टर्मला बघू.

२७ जून, शुक्रवार

माझ्या पत्रावरून चौकशी समिती नेमली म्हणे. तिघेजण – एक हाडांचे, एक डोळ्यांचे, एक ऑफिसातले. बायोकेमिस्ट्रीचं कुणी नाही. उत्तम!

११ जुलै, शुक्रवार

एकसष्ट नंबर पास. मामा निलंबित – नमुन्यात पाणी घातलं म्हणून. निकाल वाचला तेव्हा मी समितीच्या शेजारच्या खुर्चीत होते, मामा समोर उभे. मला कुणी काही विचारलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या दक्षतेमुळे हे उघडकीला आलं." मामा माझ्याकडे बघत होते.

मी आभार मानले.