माऊलीच्या गाडीचा आवाज

पणदरे, ४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास, राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसशील. फोनवर बोलायला लागले की सासूबाई माऊलीचा फोन हाय म्हणून हातातनं काढून घेतात. हे जाऊन चौदा महिने झाले, पण त्यांच्या डोक्यात काही टिकत न्हाय.

संध्याकाळी डेअरीवरनं मी ह्यांच्याच गाडीनं येते. ती अंगणात खडखडली की सासूबाई म्हणतात, माऊली आला, ताटं वाढ. मगच जेवतात, आणि जेवता जेवता तो कुठं हाय हे विचारायचं विसरून जातात. परवा इंजिन तापून काटा लाल खुणेवर गेला, वाफा निघाल्या. थांबले तर वेळ चुकंल म्हणून तशीच रेटली. फाट्यावर इंजिन जाम झालं. मिस्त्री म्हणतो, दुरुस्तीत राम न्हाय, वापरलेलं दुसरं बघा. दोन दिवस सासूबाईंनी भाकरीला हात लावला न्हाय, चमच्यानं दूध पाजतेय. इंदापुरात याच गाडीचं इंजिन मिळतंय का बघ. लोभ हायच, तो कमी करू नकोस.

तुझी राजेश्वरी

बावडा, १३ फेब्रुवारी

चि. सौ. राजेश्वरीस, रणजितचे अ. उ. आ.

इंजिन मिळालं. इंदापूरजवळ जुन्या गाड्या मोडतात, तिथं मागनं चेपलेली एक आली होती. मी तुझ्यासारखा उतावळा न्हाय. भिमा मिस्त्रीला नेलं, त्यानं तिथंच इंजिन चालू करून घेतलं, ऑइल बोटावर घेऊन बघितलं, मगच माल उचलला. फाट्यावरनं गाडी ओढून भिमाकडं आणलीच होती, तिचं जुनं इंजिन बदल्यात दिलं, तसा रिवाजच हाय. आरसी बुकात नवा नंबर चढवायचं मी बघतो.

तुला न सांगता एक केलं. इंजिनखालचे रबर नवे, सायलेन्सरही नवा. भावाची भेट समज. दाजींची गाडी लई बोंबलायची. आता शेजारनं गेली तरी मांजराला कळायचं न्हाय. चार दिवसांत भिमा आणून देईल. वहिनीनं चटणी ठेवली हाय, ती घे आणि आमच्यावर माया ठेव.

तुझा दादा

पणदरे, २० फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

गाडी आली. एका चावीत चालू होते, भिमाच्या हाताला यश हाय. पण दादा, सातला अंगणात लावली तर सासूबाई म्हणाल्या, पाव्हणं कोण आलंय बघ. आपलीच गाडी हाय म्हटलं. त्यांनी पत्र्यावर हात फिरवला, मान हलवली आणि दाराकडं तोंड करून बसल्या. तीन दिवस ताट तसंच उचलतेय. चूक तुझी न्हाय. आवाज तोच पाहिजे, हे लिहायची मला लाज वाटली. जुना सायलेन्सर मिळंल का?

पत्रावर चि. सौ. लिहिलंस. सवयीनं हात गेला असंल. मी खोडलं न्हाय. माया अशीच राहू दे.

तुझी राजेश्वरी

बावडा, २४ फेब्रुवारी

चि. सौ. राजेश्वरीस, अ. उ. आ. (मुद्दाम तसंच लिहिलं.)

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरनं उठलो. तसाच इंदापूरला गेलो. जुन्या इंजिनाचे तुकडे झाले, सायलेन्सर भंगारात गेला. भिमा म्हणतो, लोक आवाज घालवायला येतात, तुमी आणायला आलाय. नव्याला भोक पाडून देतो म्हणाला. पुढच्या रविवारी त्याला घेऊन येतो. माझ्या हौसेनं म्हातारीच्या तोंडचा घास गेला गं. राग धरू नकोस.

तुझा दादा

पणदरे, २७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

भोक पाडायला येऊ नकोस, नुसता ये.

काल संध्याकाळी गाडी लावून मी आतच बसून राहिले. रोजच बसायचे, तुला कधी सांगितलं न्हाय. खडखड चालू असली की हे शेजारी बसल्यागत वाटायचं. सासूबाईंचं नुसतं नाव, माझ्यासाठीच ती गाडी चालवत होते. काल आवाजच न्हाय, तर रडू फुटलं. सासूबाई काठी टेकत आल्या, गाडीचं दार उघडलं, माझ्या कपाळावरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "माऊली गेला न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."

मग त्यांनीच ताटं वाढली, दोनच. भाकरी मोडून आधी मला दिली. आज सकाळी त्यांनी परत तेच विचारलं, मी परत तेच सांगितलं. उद्याही सांगीन.

आशीर्वाद धाडत जा. पत्रावर मात्र आता नुसतं चि. लिही.

तुझी राजेश्वरी