गार पाण्यात

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं मशीन काल आलं. दोघा हमालांनी ते जिन्यातून चढवताना इतका आरडाओरडा केला की सगळी इमारत दारात. आई म्हणाली, एवढा गाजावाजा तुझ्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. समोरून दार आणि पोटाला गोल काच! पहिल्या धुण्याला ती खुर्ची टाकून समोर बसली ती उठेचना. वीज वाचवणारा प्रोग्राम सव्वातीन तास चालतो म्हटल्यावर म्हणाली, तेवढ्यात मी अख्ख्या इमारतीचं धुणं वाळत घातलं असतं. तेवढ्यात माझा एक मोजा बाहेरच राहिलेला दिसला. दार काही उघडेना. एकदा सुरू झालं की आतून कुलूप. आई जाम खूश झाली, या घरात माझ्यासारखं हट्टी कुणीतरी आलं म्हणे.

मी दिवसभर लोकांचे वीजमीटर वाचत हिंडते, त्यामुळे पाच चांदण्यांचं लेबल मी तीनदा वाचलं. पाणीही थोडकंच घेतं. खरं सांगू, माझ्या हातांवर तू उपकार केलेस. इतकी वर्षं आईचं सगळं मी हाताने धूत होते, बोटं फुटून गेली होती. आता तिच्या कपड्यांना मला हातही लावावा लागत नाही. ती स्वतःच घालते, स्वतःच काढते.

काळजी एकच. तिला थकवा फार येतो. डॉक्टरांचं नाव काढलं की तोंड फिरवते. बाबांना दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत, तेव्हापासून त्या पायरीला पाय लावणार नाही म्हणते.

माया आहेच, ती कमी पडू देऊ नकोस.
तुझी,
ताई

३ मार्च

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझी ताई ऐकते, म्हणून लिहिते आहे. हे पत्र तिला दाखवायचं नाही. उगाच गवगवा करील.

तू इस्पितळाच्या धुलाईखान्यात एवढा डागांचा डॉक्टर झालास, तर मला एक सांग. भाजी चिरताना माझं बोट कापलं आणि रक्त टॉवेलाला लागलं. मशीनमध्ये कढत पाण्याचं बटण दाबलं तर डाग जायचा सोडून तांबूस होऊन बसला. असला डाग कसा काढायचा? वाळला असेल तर काय करायचं? आणि रोज रोज लागत असेल तर रोज मशीन लावलं तर चालतं का? नीट सविस्तर लिही, मला शाळेतल्या पोरासारखं समजाव.

जेवत जा. तुझ्या पत्रात जेवणाचं कधी नसतं.
तुझीच,
आई

९ मार्च

ती. आईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

अगं, कढत पाणी! माझ्या हाताखालच्या माणसाने ही चूक केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. रक्त कढत पाण्यात शिजतं आणि कापडात घर करतं. आधी गार पाणी, नुसतं गार. वाळलेला डाग असेल तर मिठाच्या गार पाण्यात तासभर भिजव. मग मशीनवर सगळ्यात डावीकडचा गार पाण्याचा प्रोग्राम, पावडर अर्धा चमचा. रोज लावलंस तरी चालेल, पण धुणं झालं की दाराच्या रबराची घडी पुसून घे आणि दार उघडं ठेव. पुसलं नाही तर वास मारतो.

इथे रोज दोन हजार चादरी येतात. प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी असते, कुठल्या वॉर्डातलं, कशाचा डाग. चिठ्ठी नसलेलं गाठोडं मी उघडतच नाही. माझ्या आईलाही आता या धंद्यात घ्यायला हरकत नाही!

बोट जप. माझ्यावर रागव, पण माया आटवू नकोस.
तुझा,
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला आवर. मी कामावर निघाले रे निघाले की ती मशीन लावते. रोज! एक गाऊन, एक टॉवेल, फार तर चादर. वीज वाचवणारं मशीन घ्यायचं आणि एका टॉवेलासाठी फिरवायचं, म्हणजे हसावं की रडावं? परवा मी चिडले. म्हटलं, यापुढे चार दिवसांतून एकदा, ड्रम भरेल तेव्हाच, नाहीतर मी भिंतीवरचं बटणच बंद करून जाईन. ती भांडलीच नाही. बरं म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, चला, एकदाची जिंकले.

आणखी एक. त्या रबराच्या घडीत तांबूस पाणी साचलेलं मी दोनदा पाहिलं. मशीन गंजतंय का रे? कंपनीला कळवू का? आईला विचारलं तर घाईघाईने फडकं घेऊन पुसून टाकलं.

ती वाळत चालली आहे. वयाला काय करणार, असं तीच म्हणते.

विसरू नकोस आम्हाला, एवढंच मागणं.
ताई

२८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे, एक बॉयलर बंद पडलाय. मशीन गंजत नसतं, पाइपातून तसलं पाणी येत असेल. नळाला जाळी बसवून घे. आईला मीही लिहितो, ताईचं ऐक म्हणून.

लोभ वाढता ठेव.
धाकटा

२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, आई दवाखान्यात समोरच्या खाटेवर होती. म्हणून सगळं लिहिते.

सोमवारी ती न्हाणीघरात पडली. मी उचलायला गेले तर गाऊन मागून भिजलेला होता. रक्ताने. गर्भाशयाचा रोग आहे आणि तो आता सगळीकडे पसरला आहे. शस्त्रक्रियेची वेळ केव्हाच टळून गेली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मला विचारलं, हे केव्हापासून आहे? एका घरात राहते मी, एका ताटात जेवते, आणि मला सांगता आलं नाही. 

संध्याकाळी तिचे कपडे न्यायला घरी आले. मशीनच्या पावडरीच्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं तुझं पत्र सापडलं. घड्यांवर फाटलेलं, गार पाण्याच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. तेच डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. त्यांनी तारीख बघितली, बोटांवर महिने मोजले आणि कागदावर लिहून घेतलं, सात.

तिच्या घरच्या खाटेखाली झाकणाची बादली होती. मी चार दिवसांतून एकदा म्हटलं होतं ना? मधल्या दिवसांचं सगळं ती त्यात मिठाच्या पाण्यात दडवत होती. मी हाताने धूत होते तेव्हा तिच्या कपड्याचा एक टाका उसवला तरी मला कळायचा. आणि हे कळलं नाही. मी युनिटं मोजत बसले रे.

ये. रजा मिळेल तशी, पण ये.
ताई

४ ऑक्टोबर

ताई,

शनिवारी पोचतो.

तू स्वतःला बोल लावू नकोस. डागांचा डॉक्टर मी होतो. बोट कापलं तर रक्त रोज रोज कशाला लागेल, हे मला कळायला नको? ड्रम स्टीलचा आहे, तो गंजत नाही, हेही मला माहीत होतं. तरी मी पाइपावर ढकललं. चिठ्ठी नसलेलं गाठोडं मी उघडत नाही म्हणून मिरवलं, आणि आईचं गाठोडं न विचारता धुवायला शिकवलं. तू विचारलं नाहीस, कारण तिने तुला दाखवलं नाही. मला तिने दाखवलं होतं.

तिला यातलं काही सांगू नकोस.
धाकटा

७ ऑक्टोबर

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने आपल्या उशीखाली ठेवलं आणि चहा आणायला गेली. मी वाचलं. दुसऱ्यांची पत्रं वाचायची माझी खोड जुनीच आहे, तुला ठाऊक आहे.

रडत बसू नकोस. थोडक्यात लिहिते. मला दवाखान्याची भीती वाटत होती, एवढंच खरं. तुला पत्र टाकलं तेव्हा मनात होतं, हा विचारील, आई, बोट कापलं ते खरं का? विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तुझं उत्तर आलं, त्यात सगळं होतं, तेवढं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, हायसं वाटलं. मग मीही डोळे मिटून घेतले. त्या मशीनचं दार मध्ये कुणाला उघडता येत नाही, याचा मला केवढा आधार होता म्हणून सांगू!

पोरांनो, माझा हट्ट होता, तो तुमच्या माथी मारून घेऊ नका.

ताई हल्ली माझे गाऊन घरी नेऊन हाताने धुते. मशीनकडे बघतसुद्धा नाही. आणि मेली कढत पाण्यात घासते, डाग तसेच राहतात, मग ते बघून रडत बसते. तिला तू सांग, गार पाण्यात धू म्हणून. माझं ती ऐकत नाही.

शनिवारी वाट बघते. लोभ असावा असं मी लिहिणार नाही, तो तुम्हा दोघांचा आहेच.
तुझी,
आई