टाकी घातलेला पाटा

आये, तुझा पाटा माझ्याकडे आहे. वरवंट्याचा उडालेला कोपरा तसाच आहे. चटणी वाटताना लसूण तिथून निसटतो आणि मी चिडते. माझा राग तुला नवा नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी दक्षिणेतल्या एका टेकडीवरून पोतंभर दगड आणले होते, अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे, आणि माझा सगळा प्रबंध एकाच म्हणण्यावर उभा होता, की ते दगड एके काळच्या समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांच्या रांगेतले आहेत. समुद्राचा एक तळ दुसऱ्याखाली सरकतो, सोबत पाणी नेतो आणि त्या पाण्याने खोलवरचा तापलेला खडक वितळतो, असं मी तुला समजावलं होतं. मिठागरात जन्म काढलेली तू हसलीस. "पान्यानं दगड इतळतो? आमी इतकी वर्सं पान्यात उबे, आमचा त काय इतळला नाय."

त्या बेटांच्या लाव्हात टायटॅनियम कमी येतं, ते खालीच अडकून राहतं. आपल्या वसईच्या काळ्या दगडात मात्र ते भरपूर. दगड आम्लात विरघळवून त्यात एक रसायन घातलं की टायटॅनियम पिवळा रंग देतं. माझ्या नमुन्यांचा रंग फिका हवा होता आणि बहुतेकांचा तसा आलाही. तीन चंबू मात्र गर्द पिवळे झाले. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर तिन्ही चंबू उजेडात धरून बघू लागले. मग म्हणाले, "हे तिथलेच आहेत ना? की कमी पडले म्हणून वसईचे उचललेस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या खुलासा दे, नाहीतर मी प्रबंधावर सही करणार नाही, सर म्हणाले.

घरी येते तेव्हा तू भाकऱ्या थापते आहेस. "काय झाला?" विचारतेस. मी सांगते, आणि तुझे हात परातीत थांबतात. मग तू सांगतेस. मी रोज खलात हाताने दगड घोटत होते, माझं सुजलेलं मनगट तुला बघवत नव्हतं. मी कॉलेजात गेल्यावर उरलेल्या तीन पिशव्या तू पाट्यावर वाटल्यास. दगड कडक, म्हणून पाथरवटाला बोलावून छिन्नीने पाट्यावरवंट्याला मुद्दाम ताजी टाकी घालून घेतलीस.

टाकी घातली की पाट्याची, म्हणजे वसईच्याच काळ्या दगडाची, कच निघते, पहिलं वाटण टाकून द्यायचं असतं. हे मला तूच शिकवलेलं. मी ओरडले, "मग पहिलं वाटण टाकलं का नाहीस?"

"खायाचा थोडाच व्हता?" तू म्हणालीस. आणि मग, "आवाज खाली ठेव. आय मेली नाय तुजी अजून."

सकाळी तू वरवंटा फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर निघालीस. मी नको नको म्हणत होते. मला तुझी लाज वाटत होती, आणि सही गेली तर काय, ही भीतीही होती. सरांच्या टेबलावर वरवंटा ठेवून तू म्हणालीस, "पोर खोटा करनारी नाय. वाटला मी. याचा तुकडा काढा न् बगा."

सरांनी हातोडीने कोपरा उडवला. त्या तुकड्याचा रंग आला तेव्हा तू तिथे नव्हतीस. हळदीच्या पाण्यासारखा पिवळाधमक. तीन नमुने वगळून सरांनी सही केली. "आईला सांग, मी चुकलो," म्हणाले. माझी माफी काही मागितली नाही. तुला निरोप दिला तेव्हा तू फक्त वरवंट्याचा कोपरा चाचपत राहिलीस.

त्या तीन पुड्यांतलं उरलेलं टाकून द्यायला हवं होतं. ते अजून माझ्या कपाटात आहे, तुला लिहिलेला हा कागदही तिथेच ठेवीन. आता अशी यंत्रं आहेत की चिमूटभर पुडीत त्या बेटांचं किती आणि तुझ्या पाट्याचं किती, ते सांगता येईल. विद्यार्थी विचारतात, बाई, तपासून का बघत नाही? पूड खराब झाली आहे, असं मी सांगते. खरं तर मला ते वेगळं करायचंच नाही.