डोक्याचं पॉलिश

ती. दादांस,
धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं नीट बघून घ्यावे. पुढे त्याचाच विषय आहे.)

तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि तुमच्या घराचं गळकं छत या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. तोंडी आपण तू-मीच करतो, पण पत्राला बटणं लावलेला सदरा हवा म्हणून 'तुम्ही' लिहितोय. मध्येच एखादं बटण तुटलं तर रागावू नये. तुमच्या भावजयीची प्रकृती उत्तम असून आवाजही उत्तम आहे. आईला भूक आहे, झोप आहे, डोळे मात्र आणखी अधू झालेत. समोरचं सगळं धुक्यात गेलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. दारात माणूस उभा राहिला की तिला फक्त आकार कळतो, आणि माझा आकार म्हणजे माझं पांढरं डोकं. मी आलो की म्हणते, आला माझा कापूस. तुमचं नाव मात्र ती काढत नाही. तुम्ही येऊन चार वर्षं होत आली, पण एकदाही नाही. तेव्हा आईला तुमची फारशी आठवण होत नसावी, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. ती समजूत गेल्या आठवड्यात कशी मोडली ते सांगायला हे पत्र आहे. पण त्याआधी माझ्या केसांची हकिगत सांगणं भाग आहे, कारण दोन्ही गोष्टी एकाच ट्यूबमधून बाहेर आल्यात.

लाकडाचं पॉलिश मला कोणी शिकवलं नाही, हे तुम्ही जाणताच. सगळं बघून, चुकून आणि हात काळे करून शिकलो. जुन्या खुर्चीला नवा पाय बसवावा आणि चारांतला नवा कुठला ते खुद्द मालकाला ओळखता येऊ नये, हे माझं वैशिष्ट्य. (फुशारकी नाही, नोंद आहे.) तर अशीच एक खुर्ची घेऊन एक बाई दुकानात आल्या. कॉलेजात शिकवत असाव्यात, कारण प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत होत्या. मी चार शेड काढून दाखवल्या, त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमच्यानंतर हे काम कोण बघणार हो?" मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं. दादा, मला बावन्नावं चालू आहे! आजोबा इथवर मी सहन केलं असतं, पण 'तुमच्यानंतर'? आयुष्यभर नव्याला जुनं करून दाखवलं, आता एकदा जुन्याला नवं करून दाखवायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

केसांच्या रंगाच्या दुकानात मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो. एवढा रंग जगात माणसाच्या डोक्यासाठी बनतो हे पाहून छाती दडपली. पावडर, क्रीम, तेल, आणि एका फळीवर नुसतं जेल. दुकानदार म्हणाला की पावडर कालवायला कटकट, क्रीम ओघळतं, जेल लावाल तिथे बसतं. ओघळत नाही हे ऐकून मी मान तुकवली, कारण ओघळ हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. मग त्याने शेडकार्ड काढलं. त्यावर खोट्या केसांचे बारा झुपके चिकटवलेले. मी ते कार्ड उचलून सरळ रस्त्यावर उन्हात नेलं, कारण ट्यूबलाइटखाली रंग ठरवणाऱ्याला मी कारागीर मानत नाही. तो मागून ओरडला, "काका, कार्ड कुठे निघालात घेऊन? केस आहेत ते, कपाट नाही!" (काका म्हणाला. आजोबांवरून काकांवर आलो, तेही रंग लावायच्या आधी. शुभशकुन वाटला.) उन्हात कळलं की 'नैसर्गिक काळा' हा निसर्गात फक्त कावळ्याला मिळतो. मी 'गडद तपकिरी' घेतला, वाळल्यावर कुठलाही रंग एक पायरी चढतो हा हिशेब धरून.

खोक्यावर माका, आवळा आणि कोरफड यांची हिरवीगार चित्रं होती. मी भिंग काढून मागची बारीक अक्षरं वाचली. पानांची यादी संपल्यावर अशी काही लांबलचक नावं लागली, की ती पानं कुठल्याही झाडाला येत नसावीत. दुकानदाराला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "अहो, नुसत्या पानांनी रंग चढला असता तर सगळ्याच शेळ्या काळ्या नसत्या का झाल्या?" इतकं प्रामाणिक उत्तर मी बाजारात फार दिवसांनी ऐकलं. आतला कागद वाचून तर मी भारावलोच. त्यात लिहिलं होतं, आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस वाट बघा, खाज आली तर वापरू नका. दादा, हा तर माझा नियम! टेबलाच्या खालच्या, कोणाला न दिसणाऱ्या बाजूला आधी लावून बघायचं आणि मगच वरती हात घालायचा. तो कागद लिहिणाऱ्या अनोळखी माणसाला मी मनोमन नमस्कार केला आणि दोन दिवस कानामागे तपकिरी ठिपका घेऊन हिंडलो. खाज आली नाही. तुमची भावजय दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीय का, असं विचारून गेली.

मग रविवारी सकाळी न्हाणीघरात ठाण मांडलं. भांडं धातूचं नको असं कागदात होतं, म्हणून प्लॅस्टिकचा वाडगा घेतला. कपाळाच्या आणि कानांच्या कडेने व्हॅसलीन लावलं. दोन ट्यूब पिळून एकत्र केल्या. रंग म्हणून काय आलं, तर दह्यासारखं फिकट, मंद चकाकणारं जेल! मला वाटलं, फसलो. पण ढवळता ढवळता त्याची कड पिवळसर झाली, मग मधासारखी, मग बघता बघता भिजलेल्या सागासारखी. वारा लागेल तसं ते आपलं आपण गडद होत होतं. मी इतकी वर्षं रंग कालवले, पण हवेतून स्वतःचा रंग शोधून काढणारी वस्तू पहिल्यांदा पाहिली. मी त्या वाडग्यासमोर पाटावर बसून राहिलो, जणू काही कुठलं दूरचं गाव हळूहळू उजाडताना पाहतोय. तुमच्या भावजयीने बाहेरून दार वाजवलं. "आत आहात ना, की मोरीतून वाहून गेलात?" तेव्हा भानावर आलो.

खोक्यात ब्रश होता, पण त्या ब्रशने मी माझ्या शत्रूचं स्टूलही रंगवणार नाही. मी आपला कापसाचा बोळा सुती कपड्यात बांधला आणि लाकडावर चालवतो तसा रेषेच्या दिशेने हात चालवला. (पॉलिशपेपर मारला नाही. एवढं मलाही कळतं.) सगळ्यात कठीण निघाला तो टाळूवरचा भोवरा. तिथे रेषा गोल फिरते, आणि अशी गाठ लाकडात आली की भलेभले फळी बदलतात. मला टाळू बदलता येईना. तिथे बोळा गोलगोल फिरवताना वाटलं, बावन्न वर्षं हा भोवरा माझ्या डोक्यावर आहे आणि आज आमची पहिली भेट होतेय.

चूक इथे झाली. वाडग्यात जेल उरलं. उरलेला माल फेकणं माझ्या हातून होत नाही, म्हणून तो मिशीला लावला, आणि पॉलिशच्या सवयीने एक हात वाळल्यावर दुसरा हातही मारला. डोकं धुतल्यावर असं निघालं की मी आरसा उचलून खिडकीच्या उन्हात नेला. मऊ, गडद, उन्हात तांबूस झाक, एकही डाग नाही. मिशी मात्र बुटाच्या ब्रशाचा तुकडा ओठावर चिकटवावा तशी. तुमच्या भावजयीने पाहिलं आणि हसता हसता दाराला धरून खाली बसली. तेव्हा वस्तरा घेतला आणि पंचवीस वर्षांची मिशी दोन मिनिटांत उतरवली. (तुम्ही कधीच मिशी ठेवली नाहीत, आणि चार वर्षांपूर्वी तुमचे केस असेच गडद होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.)

दुपारी आईचा चहा घेऊन गेलो. ती खिडकीपाशी खुर्चीत होती. दारात उभा राहिलो आणि कापूस म्हणण्याची वाट पाहिली. ती म्हणालीच नाही. मान जराशी तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आलास?"

मी म्हणालो, "हो."

(एवढंच म्हणालो. आपला आवाज सारखा आहे, फोनवर वहिनीसुद्धा फसतात.)

"मग ये की. परक्यासारखा उभा का?" मी जवळ गेलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, ओठावर बोट थांबलं, आणि ती म्हणाली, "वाळलास." मग दार लोटून घ्यायला सांगितलं. तो दुकानात असेल, त्याच्या कानावर जायला नको म्हणाली. दादा, 'तो' म्हणजे मी! मी दार लोटलं आणि मलाच बाहेर ठेवून आत येऊन बसलो.

ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. "त्याच्यासमोर तुझं नाव मी काढत नाही. काढलं की त्याचा चेहरा पडतो. मला दिसत नाही, पण चेहरा पडलेला आवाजात कळतो. एवढं करून मी आईला पुरत नाही का, असं वाटतं त्याला. वेडा आहे. तो आहे म्हणून मी आहे. हात सोन्याचे आहेत त्याचे. हे त्याला सांगू नकोस, आधीच काही कमी फुगलेला नाही. पण रोज दुपारी दाराकडे बघते मी. एकदा दोघं एकदम दारात उभे राहा. दिसेल तेवढं बघेन."

मी दादा नाही, हे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कशाला मोडू तिचं? बावन्न वर्षांत तिने माझ्या तोंडावर मला सोन्याचं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तेव्हा मी तू होतो.

तेव्हापासून माझी फार ओढाताण चालली आहे. सकाळ-संध्याकाळ आईपुढे मी म्हणून जायचं तर डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळून जातो. लगेच म्हणते, आला कापूस. औषध घेते, दूध घेते, आणि तुझ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दुपारी टॉवेल काढून चहा नेला की माझी चौकशी करते. पोटात इतकं साठवून कोणी इतक्या शांतपणे दूध कसं पिऊ शकतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. तुझी भावजय म्हणते, एका नवऱ्याचे दोन झाले, धुणं मात्र मी एकटीच करतेय.

असो. बटणं बरीच तुटली. आमचं मागणं काही नाही. वहिनींना नमस्कार, छताला मेण लावून बघा.

तुमचा,
धाकटा

ता. क. मागणं काही नाही हे खोटं आहे. कागदात लिहिलंय की रंग काही आठवड्यांनी उतरत जातो. मी डोकं कमी धुतोय, पण मुळाशी पांढरी रेघ दिसू लागली आहे. ती वाढत जाईल तसतसा तू आईच्या खोलीतून निघून जाशील, आणि तुला दुसऱ्यांदा जाताना बघणं मला जमायचं नाही. रंग आहे तोवर ये. मिशी ठेवली असशील तर काढ. केस पांढरे झाले असतील तर गडद तपकिरी जेल लाव, बोळ्याने, रेषेच्या दिशेने.

ता. क. २. त्या खुर्चीवाल्या बाई आज आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, इथे ते आजोबा होते ना, ते कुठे आहेत? मी म्हणालो, काम मीच बघतो. तर खुर्ची परत उचलून म्हणाल्या, नको, ते येतील तेव्हाच येईन, त्यांच्या हाताची गोष्टच वेगळी दिसत होती. माझ्याच हातून माझं गिऱ्हाईक गेलं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी टॉवेल गुंडाळून आईला औषध द्यायला गेलो होतो. औषध घेऊन म्हणाली, "तो टॉवेल काढ आता, सर्दी होईल. सकाळपासून कागद वाजतोय, दादाला पत्रात सगळं लिहिलंस ना?" मी टॉवेल काढला. म्हटलं, तुला कधी कळलं? म्हणे, "पहिल्या दिवशीच. हाताला पॉलिशच्या स्पिरिटचा वास येत होता. तुझ्या दादाने कधी ब्रश धरलाय?" मग ते सगळं मी दादा असल्यासारखं का सांगितलंस, विचारलं. तर म्हणाली, "तुझं कौतुक तुझ्या तोंडावर कसं करणार? आणि त्याला बोलवायला तो इथे आहे कुठे? तू त्याला लिहिशील हे ठाऊक होतं मला. एका चहात दोन्ही कामं झाली."

दादा, इतकी वर्षं मी जोड लपवतोय, पण असा जोड मला अजून बसवता आलेला नाही. वर जेलाबद्दल लिहिलंय ते खोडून टाक. केसांना काही लावू नकोस, तसाच ये. ती म्हणते, दारात दोन पांढरी डोकी उभी राहिली तरी कुठलं कोणाचं ते तिला कळेल.