घरातल्या घरात स्त्रीमन

२ जानेवारी
संकल्प: यंदाच्या आंतर-कार्यालयीन नाट्यस्पर्धेचं नाटक मीच लिहिणार. काल टीव्हीवर सिनेमा पाहिला. नायिका मध्यंतरापर्यंत नाचते, नंतर रडते. मधे लग्न. मालिकेतल्या सुना दागिने घालून झोपतात. कादंबरीतली बाई एकदा खिडकीशी उभी राहिली की शेवटच्या पानापर्यंत हलत नाही. स्त्रीमन कोणालाच कळलेलं नाही. मला कळतं. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो, आणि घरात आई, बायको, मुलगी. कच्चा माल घरचाच.

बायकोला सांगायला गेलो. ती फोनवर होती. ट्रान्सपोर्ट कंपनीत कुठला ट्रक कुठे पाठवायचा हे ती ठरवते. म्हणाली, आधी बाजूला व्हा, रस्ता अडवून उभे आहात. मी बाजूला झालो. नंतर कळलं, ते ड्रायव्हरला होतं.

५ जानेवारी, सकाळी
नाव सुचलं: 'मेणाची माउली'. जळते, वितळते, उजेड देते. नवरा अंथरुणाला खिळलेला (ही भूमिका मीच करीन). सासू खाष्ट. दुसऱ्या अंकात सासू तिला घराबाहेर काढते, तिसऱ्यात ती मरते आणि मग सगळे पश्चात्ताप करतात. पश्चात्ताप जवळजवळ अंकभर चालतो. लिहिताना मलाच गहिवरून आलं.

मुलगी कॉलेजला निघता निघता वाचून गेली. म्हणाली, बाबा, ही एवढी मरते कशाने? म्हटलं, त्यागाने. म्हणाली, डॉक्टरला दाखवलं का? आजकालच्या मुलांना सूचकता कळत नाही.

९ जानेवारी
आजपासून निरीक्षण. सासू-सुनेचा संघर्ष घरात जवळून टिपायचा. संध्याकाळभर पेपरमागे बसून पाहिलं. आई आणि बायको एकाच सोफ्यावर पाय वर घेऊन मालिका बघत होत्या आणि त्यातल्या सासूला हसत होत्या. आईने बायकोच्या पोटऱ्या चेपून दिल्या. हे रंगमंचावर चालणार नाही. कोणाला पटणारही नाही.

आईला एकटीला गाठून विचारलं, तुला या घरात डावललं जातं असं वाटतं का? म्हणाली, हो, तू टीव्हीसमोर उभा राहतोस तेव्हा.

अजून खोलात जायला हवं.

१४ जानेवारी
ऑफिसात नाटकाचं वाचन झालं. सगळे गप्प. भारावले असावेत. दिग्दर्शक, म्हणजे आमचा मीटर-इन्स्पेक्टर, बराच वेळ चष्मा पुसत होता.

माउलीचं काम कॅशियरबाईंना दिलंय. त्यांनी शंका काढली: ही बाई जेवते कधी? घरातल्यांची जेवणं प्रत्येक अंकात आहेत, हिच्या पोटात घास नाही. म्हटलं, मॅडम, तीच तर तिची शोकांतिका. म्हणाल्या, ती ॲसिडिटी.

सोडून दिलं. आकडेमोड करणाऱ्यांकडून हळवेपणाची अपेक्षा ठेवू नये.

२१ जानेवारी
कॅशियरबाईंनी नाटक सोडलं. बढतीची खात्याची परीक्षा आहे, अभ्यास करायचाय म्हणाल्या. शिवाय माउली जिथे बेशुद्ध पडते तिथली फरशी झाडल्याशिवाय पडणार नाही, असंही म्हणाल्या होत्या. सासूचं काम करणाऱ्या टायपिस्टबाईंचा आवाज बसलाय. कलेसाठी झिजायची तयारी बायकांत राहिलेली नाही. नाटकात हेच मांडलंय मी!

२३ जानेवारी
इन्स्पेक्टरने मला न विचारता थेट आमच्या घरी फोन केला. कर्मचाऱ्यांचे कुटुंबीय चालतील, असा नियम आहे म्हणे. बायको माउली, आई सासू! आई लगेच तयार. बायकोची एकच अट: रडणार नाही. हो म्हटलं. माझे संवाद तोंडात आले की रडू आपोआप येतं.

६ फेब्रुवारी
तालमी जोरात. बायको संवादांत बारीकसारीक बदल करते. 'नाथ' काढून 'अहो' केलं. 'मी आपल्या चरणांची धूळ' हे वाक्य येताच तिला खोकला येतो. रोज. धुळीची ॲलर्जी असावी.

आईचा प्रश्न वेगळाच. सुनेवर ओरडताना तिला हसू फुटतं. मी रागावलो, तर म्हणाली, मी जन्मात हिच्यावर ओरडले नाही, तुझ्यावर ओरडते, तुझ्याकडे बघून म्हणू का? तसं बसवलं. फारच परिणामकारक झालं. इन्स्पेक्टरने टाळ्या वाजवल्या.

मला दुसऱ्या अंकात पूर्ण वेळ बेशुद्ध पडून राहायचंय. वाटतं तितकं सोपं नाही. घरी सराव चालू आहे. बायको म्हणाली, छान जमतंय, मला फरकच कळला नाही. एवढी मनमोकळी दाद तिने पूर्वी कधी दिली नव्हती.

१८ फेब्रुवारी, प्रयोगानंतर
नीट क्रमाने लिहितो.

पहिला अंक उत्तम. दुसऱ्यात सासूने दाराकडे बोट दाखवून 'चालती हो' म्हणायचं. आईने बोट दाखवलं आणि थांबली. मला वाटलं, विसरली. बेशुद्धीतूनच हळूच वाक्य सांगितलं. तशी ती सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल अशी म्हणाली, ऐकू आलं रे, पण मला नाही म्हणवत. ही गेली तर तुझं औषधपाणी कोण करणार, मी?

लोक हसले. गंभीर प्रसंगात हसले!

बायको माझ्या खाटेच्या कडेला बसली. नाटकात ती इथे माझे पाय धरते. तिने विचारलं, अहो, तुम्हाला काय वाटतं? आता नाटकात मी बेशुद्ध. लेखक म्हणून, नट म्हणून माझं कर्तव्य स्पष्ट होतं. डोळे मिटून पडून राहिलो. ती आईला म्हणाली, बघितलंत, ऐनवेळी हे असेच. पुन्हा हशा.

मग तिने माझं पांघरूण सारखं केलं. हशा थांबला. म्हणाली, आई, मी कुठे जाणार नाहीये. मरणारही नाहीये. पण दमलेय हो. कोणी विचारत नाही, म्हणून आपली सांगते.

इतकी शांतता आमच्या नाटकाला कधीच मिळाली नव्हती. डोळे उघडून तिचा चेहरा बघावा असं फार वाटलं. पण बेशुद्ध होतो.

आई म्हणाली, चल, आधी दोन घास खाऊन घे. दोघी आत गेल्या. इन्स्पेक्टरने पडदा पाडला. टाळ्या थांबेनात. तिसरा अंक झालाच नाही.

१९ फेब्रुवारी
अभिनयाची दोन्ही बक्षिसं घरात! परीक्षकबाई भाषणात म्हणाल्या, घरात एवढं घडत असताना नवऱ्याला बेशुद्ध दाखवणं हे लेखकाचं धाडस आहे. उभा राहून नमस्कार केला. स्त्रीमन कळतं ते असं.

लेखनाचं बक्षीस विद्युत विभागाला गेलं. ओळखी असणार.

२१ फेब्रुवारी
ते 'दमलेय' माझ्या लिखाणात नव्हतं. पुन्हा तपासलं. माउली दमत नाही, ती फक्त झिजते. म्हणजे वाक्य बायकोचं. पण माउली म्हणून बोलली की आमची ही म्हणून? लेखकाला हे कळायला नको?

मुलीला विचारलं. म्हणाली, बाबा, मला काय विचारता, आईला विचारा ना. नेहमीसारखं हसली नाही.

२४ फेब्रुवारी
विचारायचं ठरवलं आहे. सकाळी ती डबे भरत होती, तेव्हा बरं दिसलं नसतं. ऑफिसातून आली ती फोनवरच. जेवताना आई होती. जेवण झाल्यावर सांडलेलं पुसत होती. मी योग्य क्षणाची वाट बघत सोफ्यावर बसलो होतो. तो आला नाही.

२८ फेब्रुवारी
चार दिवस तिच्या मागे मागे फिरतोय. क्षण मिळत नाही. ती बसतच नाही. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

वाक्य मात्र तयार आहे. कुठलंही विशेषण नको. 'दमली आहेस का?' बस. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज जरा कापतो, पण चालेल. उद्या रविवार, तिला सुटी. उद्या नक्की.

१ मार्च, रविवार
उजाडताच उठलो. ती शांत झोपली होती. हाच क्षण. हलवून उठवलं. दचकून बसली, म्हणाली, काय झालं, आईंना बरं नाही का? म्हटलं, आई ठीक आहे. मग सगळा धीर एकवटून विचारलं, दमली आहेस का?

तिने घड्याळाकडे बघितलं. म्हणाली, हो. म्हणून तर झोपले होते.

आणि आडवी होऊन पुन्हा झोपली.